चाकाखालचे लिंबू, सीटखालचे लिंबू

२०२१ च्या दसऱ्याला आमच्या दारात नवा ट्रॅक्टर आला. हार, कुंकवाचे स्वस्तिक, नारळ, पेढे, सगळे साग्रसंगीत. आजीने चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवले. लिंबे विकत आणायचा प्रश्नच नव्हता, आमच्या बागेत साई सरबतीची झाडे आहेत. तात्यांनी (म्हणजे माझे चुलते) देवाचे नाव घेऊन क्लच सोडला, चार वेळा 'फट्ट' झाले आणि आजी म्हणाली, "झालं, दृष्ट गेली."

पुढे चार महिन्यांनी कळले की एक पाचवे लिंबूसुद्धा होते. ते काही फुटले नव्हते. ते तात्यांच्या सीटखाली, हायड्रॉलिकच्या हाउसिंगमध्ये बसून होते.

कोड्यात बोलते आहे असे वाटेल, म्हणून आधी ओळख. मी मेकॅनिकल, थर्ड इयर. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या मॅडमनी सांभाळून घेतल्या आहेत. गेल्या सेमिस्टरला सेमिनारसाठी विषय शोधत होते तेव्हा 'लेमन लॉ' हा शब्द समोर आला. आधी वाटले, श्रीगोंद्याच्या लिंबू मार्केटचा काही कायदा असेल! लिंबू म्हटले की आपल्याला कागदी लिंबू, हस्त बहार आणि उन्हाळ्यात कडाडलेला भाव एवढेच सुचते. पण अमेरिकेत 'लेमन' म्हणजे अशी नवी वस्तू, विशेषतः गाडी, जी वरून चकाचक दिसते आणि आतून बिघडलेली निघते. कितीही वेळा दुरुस्त करा, पुन्हा तेच. १९६० मध्ये फोक्सवॅगनने आपल्या बीटलच्या फोटोखाली फक्त 'लेमन' एवढा एकच मोठा शब्द छापून जाहिरात केली होती. ग्लोव्ह बॉक्सवरच्या क्रोमच्या पट्टीला डाग होता म्हणून आमच्या इन्स्पेक्टरने ही गाडी बाहेरच पडू दिली नाही, अशी ती फुशारकी होती. म्हणजे लिंबू कारखान्यातच ओळखायचे असते. गिऱ्हाइकाच्या दारात नाही.

लिंबू गिऱ्हाइकाच्याच गळ्यात का पडते, याचे उत्तर जॉर्ज अकेरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली एका छोट्या लेखात दिले. लेखाच्या नावातच 'लेमन्स' आहे. त्याचे म्हणणे सोपे आहे: विकणाऱ्याला मालाची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा सगळ्याच मालाला कमी भाव देतो, चांगला माल असणारा बाजारातून निघून जातो आणि बाजारात लिंबेच उरतात. त्या लेखात आपल्याकडचे एक उदाहरणही आहे. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे खडे मिसळलेले असतात आणि भारतातल्या बायका ते निवडत बसतात, असे त्याने लिहिले आहे. या लेखाच्या विषयावरच त्याला २००१ चे नोबेल (दोघांबरोबर वाटून) मिळाले. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "तांदूळ निवडल्याचं बक्षीस आम्हाला कुणी दिलं नाय."

होस्टेलवाल्यांपैकी ज्यांनी काष्टीचा शनिवारचा बैलबाजार पाहिला नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावा. तिथे अकेरलॉफ प्रत्यक्ष दिसतो. घेणारा बैलाचे दात पाहतो, खांदा दाबतो, चालवून पाहतो, शेपटी ओढतो, आणि मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. विकणाऱ्याची खोड लपवायची धडपड आणि घेणाऱ्याची ती शोधायची धडपड, दोघे एकमेकांना पुरून उरणारे. आता हाच माणूस शोरूममध्ये जातो तेव्हा काय करतो? सीटवर हात फिरवतो, हॉर्न वाजवतो, रिबन कापून फोटो काढतो. इंजिनाचे दात कसे पाहायचे? तिथे तपासणी शक्यच नसते, म्हणून तर कायदा लागतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये वॉरंटीचा कायदा केला, आणि 'लेमन लॉ' म्हणून ओळखला जाणारा पहिला कायदा १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्यात झाला. हळूहळू सगळ्या राज्यांनी केले. मला त्यांच्यातली एकच गोष्ट फार आवडली, ती म्हणजे आकडे. कॅलिफोर्नियाचे सूत्र पाहा: गाडी घेतल्यापासून १८ महिने किंवा १८,००० मैल, यातले जे आधी होईल त्याच्या आत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती झाली, किंवा जिवाला धोका असलेल्या दोषासाठी दोन वेळा झाली, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असे कायदाच गृहीत धरतो. मग कंपनीने गाडी बदलून द्यायची नाहीतर पैसे परत करायचे. ग्राहकाने गाडी वापरली त्याचे काय? त्यालाही सूत्र आहे. त्या दोषासाठी पहिल्यांदा वर्कशॉपला नेईपर्यंत जितके मैल चालली, भागिले १,२०,०००, गुणिले किंमत, एवढी रक्कम कापून घ्यायची. १,२०० मैल चालली असेल तर फक्त एक टक्का. आपल्या पेपरातल्या न्यूमेरिकलपेक्षा सोपे!

भारतात असा आकड्यांचा कायदा नाही. पण 'आपल्याकडे काही कायदाच नाही' असे जे होस्टेलच्या मेसमध्ये सर्रास बोलले जाते, तेही खरे नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा आहे. पहिला १९८६ चा, आणि तो यावा म्हणून ज्या चळवळी झाल्या त्यात पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीचे नाव घ्यावेच लागते. आता त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा मानक यांत कोणतीही उणीव म्हणजे दोष. दोष सिद्ध झाला तर आयोग दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत परत करायला आणि वर नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. त्याशिवाय सदोष वस्तूमुळे इजा झाली तर 'उत्पादन दायित्व' म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच २०१९ च्या कायद्यात घातले आहे.

मग फरक काय राहिला? फरक हा की चार वेळा, ३० दिवस असे मोजून देणारे आपल्याकडे कोणी नाही. मोजायचे आपण, सिद्धही करायचे आपण.

आता काही खटले सांगते. यातले बरेचसे महागड्या गाड्यांचे आहेत. कोणी म्हणेल, मर्सिडीजवाल्यांच्या भांडणाशी श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याचा काय संबंध? संबंध असा की कायद्याच्या पुस्तकात ट्रॅक्टर आणि मर्सिडीज यांत फरक नाही. आणि सुप्रीम कोर्टापर्यंत वकील नेणे ज्यांना परवडते, त्यांच्या खर्चाने कायद्याचा अर्थ सगळ्यांसाठी स्पष्ट होतो. फुकटात मिळते आहे तर घ्यावे.

९ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने मर्सिडीजच्या दोन खटल्यांचा एकत्र निकाल दिला. एकात तक्रार अशी होती की गाडीच्या आतला मधला उंचवटा प्रमाणाबाहेर तापतो. दुरुस्त्या झाल्या, तापणे थांबले नाही. दुसऱ्यात मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची गाडी २००६ मध्ये ट्रकला समोरून धडकली आणि समोरच्या एअरबॅगा उघडल्या नाहीत. दोन्हीकडे उत्पादकाचा बचाव होता की गाडी कंपनीच्या नावावर घेतलेली आहे, म्हणजे 'व्यापारी कारणासाठी' घेतलेली आहे, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. कोर्टाने ते मानले नाही. संचालकाच्या वापराच्या गाडीने कंपनी काही नफा कमवत नाही. एअरबॅगच्या खटल्यात राष्ट्रीय आयोगाने दिलेले पाच लाख सेवेतील त्रुटीबद्दल आणि आणखी पाच लाख अनुचित व्यापारी प्रथेबद्दल, हे दोन्ही कायम राहिले. दुसरे पाच लाख मला फार महत्त्वाचे वाटतात. एअरबॅग नेमकी कोणत्या प्रकारच्या धडकेत उघडते आणि कोणत्या नाही, हे मॅन्युअलमध्ये ग्राहकाला नीट सांगितले नव्हते, त्याची ती किंमत होती. आपण मॅन्युअल म्हणजे रद्दी समजतो. कोर्ट तसे समजत नाही.

एअरबॅगचाच आणखी एक निकाल आपल्या लोकांना आवडेल. २०२२, ह्युंदाई क्रेटा. २०१५ मध्ये घेतलेली गाडी २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत रस्त्यावर धडकली, एअरबॅग उघडली नाही. कंपनीचे म्हणणे, एअरबॅग उघडण्यासाठी समोरून विशिष्ट जोराचा आघात लागतो, तसा तो झाला नाही, आणि तज्ज्ञाचा अहवालही नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितले की वेग आणि बलाची गणिते करून मग धडकायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो (शब्द माझे, आशय कोर्टाचा). गाडीचे पुढचे नुकसान दिसते आहे, एअरबॅग उघडली नाही हेही दिसते आहे, तर वेगळा तज्ज्ञ कशाला? भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम झाला. फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये केटी लागलेल्यांनी हा निकाल फ्रेम करून लावायला हरकत नाही.

पण सगळे असे गोड नाही. मारुती व्हॅनच्या क्लचच्या खटल्यात २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने उलट बाजूही दाखवली. वॉरंटीत 'सदोष भाग बदलून देऊ' असे लिहिले असेल तर क्लच बदलून मिळेल, क्लचसाठी अख्खी गाडी बदलून मागता येणार नाही. आजही प्रत्येक कंपनीचा वकील सगळ्यात आधी हाच निकाल टेबलावर ठेवतो. त्यावर उतारा २०१० च्या फियाट सिएनाच्या निकालात आहे. तिथे कोर्टाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासून घ्यायला सांगितली, आणि दोष मुळातलाच, कारखान्यातलाच निघाला तर गाडीची किंमत आणि भरलेला कर १२ टक्के व्याजासह परत, असा आदेश दिला. म्हणजे सगळा खेळ एका प्रश्नावर येऊन थांबतो. एखादा पार्ट खराब झाला आहे, की गाडीच जन्मतः लिंबू आहे?

गोव्याचा एक खटला मुद्दाम सांगते, कारण ही फसवणूक कोणाचीही होऊ शकते. एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून टाटा इंडिगोचे पैसे भरले आणि त्याच्या हातात आली २००९ ची, आधीच काहीशे किलोमीटर फिरलेली, गंजलेली गाडी. खालच्या मंचाने डीलर आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरले. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीला मोकळे केले. डीलर हा कंपनीचा नोकर नव्हे, तो स्वतंत्र व्यापारी, आणि कंपनीला हे माहीत होते असे तक्रारीत कुठे नेमके मांडलेलेच नाही. जबाबदारी डीलरची उरली. म्हणून तक्रारीत दोघांनाही सामील करायचे आणि कोणी काय केले ते वेगवेगळे लिहायचे. आणि गाडी घेताना मिळणाऱ्या फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. बैलाचे दात पाहता ना, तसे ते पाहायचे. अर्धा मिनिट लागते.

आणि पुन्हा जुलै २०२४. मर्सिडीजच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, १० तारखेला, बीएमडब्ल्यूचा निकाल आला. हैदराबादच्या एका कंपनीने सप्टेंबर २००९ मध्ये सेव्हन सिरीज गाडी घेतली, चारच दिवसांत ती बिघडली. त्यांनी ग्राहक मंचाऐवजी पोलिसांत फसवणुकीची तक्रार केली. २०१२ मध्ये हायकोर्टाने गुन्हा रद्द केला पण नवी गाडी द्या असे सांगितले. बीएमडब्ल्यू द्यायला तयार होती, ग्राहकाला मात्र व्याजासह पैसे हवे होते. ओढाताण चालूच राहिली. शेवटी तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ५० लाख रुपये देऊन विषय मिटवला. चार दिवसांचा बिघाड आणि जवळजवळ पंधरा वर्षांचा खटला. मला विचाराल तर यात जिंकले कोणीच नाही.

आता पाचव्या लिंबाकडे येते.

ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट म्हणजे मागचा नांगर वर-खाली करणारी यंत्रणा. पंप तेल ढकलतो, कंट्रोल व्हॉल्व्ह ते सिलिंडरमध्ये सोडतो, पिस्टन पुढे जातो, नांगर वर उचलला जातो. तात्यांच्या ट्रॅक्टरचे दुखणे असे की सकाळी सगळे ठीक. तासभर नांगरट झाली, तेल तापले, की उचललेला पलटी नांगर आपोआप खाली बसायचा. बांधावरून वळताना नांगर खाली आला की काय होते ते शेतकऱ्याला विचारा. एकदा ठिबकच्या नळ्या फाटल्या. एकदा माझा चुलत भाऊ मागे उभा होता, त्याचा पाय चार बोटांनी वाचला.

तेव्हा मी अकरावीत होते, मला काही कळत नव्हते. आता फ्लुइड मेकॅनिक्स झाल्यावर कळते की लक्षण अगदी बोलके होते. तापल्यावर तेलाची व्हिस्कॉसिटी कमी होते, तेल पातळ होते. फट तेवढीच असली तरी पातळ तेल जास्त झिरपते. म्हणजे तेल कुठून तरी मागे गळत होते, एक तर पिस्टनच्या सीलमधून, नाहीतर व्हॉल्व्हच्या स्पूलमधून. सील नवे टाकूनही तेच होत असेल तर संशय सिलिंडरच्या बोअरवर जातो. बोअर गोल नसेल, किंवा आतून ओरखडा असेल, तर कितीही सील बदला, आठ दिवसांत नवे सील खलास. आणि बोअर वाकडा असेल तर तो दोष शेतात तयार होत नाही, तो मशीन शॉपमधून येतो. कोर्टाच्या भाषेतला 'उत्पादनातील दोष' तो हाच.

सर्व्हिस सेंटरला तात्या सात वेळा गेले. पहिल्यांदा सुपरवायझर म्हणाला, "तात्या, गाडी नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो." हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक शोरूमच्या भिंतीवर रंगवून ठेवावे इतके ठरलेले आहे. दुसऱ्यांदा तेल टाकले. तिसऱ्यांदा फिल्टर. पाचव्यांदा ओ-रिंग. सहाव्यांदा तात्यांनाच शिकवले की लोड जास्त देता. सातव्यांदा वॉरंटीचे तास संपले होते. तात्या माणूस भिडस्त. भांडण नको, पुन्हा यांच्याकडेच यायचे आहे, असा विचार. प्रत्येक वेळी 'बघतो, करतो' ऐकून घरी आले.

माझ्या सेमिनारच्या निमित्ताने मी घरातला पत्र्याचा डबा उघडला. सात खेपांपैकी फक्त दोन जॉब कार्डे सापडली. आणि त्या दोन्हींवर लिफ्टचे नाव नाही! एकावर 'जनरल चेकअप', दुसऱ्यावर 'ऑइल टॉप-अप, ग्रीसिंग'. म्हणजे कागदाच्या दृष्टीने तात्यांच्या ट्रॅक्टरला कधी काही झालेच नव्हते. ती कार्डे घेऊन आम्ही इथल्या एका वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटांत वाचून विचारले, "नांगर खाली बसतो हे लिहिलंय कुठं?" तात्या म्हणाले, "सांगितलं होतं की साहेब, सातही वेळा." वकीलसाहेब काही बोलले नाहीत. शिवाय तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो, ती मुदतही उलटून गेली होती. उशिराचे सबळ कारण दिले तर आयोग तो माफ करू शकतो, पण 'भीड वाटली' हे कारण कोणत्या रकान्यात बसणार?

तेव्हा मला कळले की भारतातला लेमन लॉ कोर्टात सुरू होत नाही, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सुरू होतो. तिथला मुलगा आपली तक्रार त्याच्या भाषेत लिहितो आणि आपण न वाचता सही करतो. सही करण्याआधी आपल्या शब्दांत लिहून घ्यायचे: 'एक तास काम केल्यावर उचललेला नांगर खाली बसतो, तिसरी वेळ.' आत दिल्याची तारीख, परत मिळाल्याची तारीख, मीटरवरचे किलोमीटर किंवा तास. त्यांनी लिहिले नाही तर त्याच दिवशी तेच वाक्य कंपनीच्या ईमेलवर पाठवायचे. कॉपी मागायची, लाज वाटत असेल तर मोबाइलवर फोटो काढायचा. अमेरिकेत कायदा चारपर्यंत मोजतो, इथे हे कागद मोजतात. मर्सिडीजवाल्यांकडे वकील होते हे खरे, पण त्याआधी त्यांच्याकडे प्रत्येक खेपेचा कागद असतो.

बाकी कायद्याची वाट तशी अवघड नाही. शेतीच्या ट्रॅक्टरवरही 'व्यापारी कारण' हा आक्षेप येऊ शकतो, विशेषतः कोणी भाड्यानेही देत असेल तर. पण स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी धरायची नाही, असे कायद्यातच स्पष्टीकरण आहे. त्याचा अर्थ सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच लावला होता, तोही आपल्या महाराष्ट्रातल्या एका लघुउद्योजकाच्या सीएनसी मशीनच्या खटल्यात. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहकच आहे, असे उदाहरण त्यात दिले आहे. (तो लघुउद्योजक मात्र हरला. मशीन मोठ्या धंद्यासाठी होते.) त्यामुळे तक्रारीत 'हा माझा उदरनिर्वाह आहे' हे वाक्य विसरायचे नाही.

५० लाखांपर्यंत किंमत दिली असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपल्याला नगर, आताचे अहिल्यानगर. त्यावर दोन कोटींपर्यंत मुंबईचा राज्य आयोग. शोरूम पुण्याची आणि कारखाना चेन्नईचा असला तरी २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, ही फार मोठी सोय झाली आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. मेसच्या एका पार्टीत जास्त जातात. वकील सक्तीचा नाही. २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला तर मराठीतही बोलतात, आणि कधीकधी तेवढ्यानेच कंपनी हलते. एकाच मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांत सुरक्षेचा दोष निघाला तर एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला त्या परत बोलवायलाही लावू शकते. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात किती लागतात ते वर बीएमडब्ल्यूत पाहिलेच.

आणि ती 'तपासणी' हा आपला विषय आहे. बघून दोष कळत नसेल तर आयोग वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो. गाड्यांसाठी पुण्याची एआरएआय आहे, आरटीओचे इन्स्पेक्टर असतात, आणि पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकलच्या प्राध्यापकांचे अहवालही खटल्यांत येतात. मी आमच्या सरांना विचारले, "सर, बोअर वाकडा आहे हे आपल्या लॅबमध्ये मोजता येईल?" सर म्हणाले, "बोअर गेज आहे ना. तुम्ही सेकंड इयरला प्रॅक्टिकल केलंय." केले होते. दुसऱ्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून घेतले होते.

मार्चमध्ये तात्यांनी ट्रॅक्टर विकायला काढला. करमाळ्याकडचे एक गृहस्थ पाहायला आले. सकाळची वेळ, तेल थंड, लिफ्ट एकदम झकास. त्यांनी टायर पाहिले, इंजिन ऐकले, कागद पाहिले. दोन जॉब कार्डे, 'जनरल चेकअप' आणि 'ग्रीसिंग'. कोणालाही वाटेल किती सांभाळलेली गाडी! भाव ठरला. चहा झाला. मी अकेरलॉफ वाचलेली, दारात उभी राहून तात्यांच्या तोंडाकडे बघत होते.

तात्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पाहुणं, एक तास थांबा. नांगर जोडून दावतो."

भाव पन्नास हजारांनी उतरला. पाहुण्यांनी तरीही घेतला, त्यांना फक्त ट्रॉलीला हवा होता. निघताना त्यांनी विचारले की यात नक्की बिघडलंय काय, तेव्हा तात्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी एका कागदावर सिलिंडरची आकृती काढली, बोअर कुठे मोजायचा ते लिहिले, खाली तारीख घातली. त्यांनी सही मागितली, तीही केली.